पान संपेपर्यंत

फाल्गुन सरत आला की पोलादपूरच्या वरच्या अंगाचे डोंगर धुरकट व्हायला लागतात. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना ते धुकं वाटतं. धुकं कसलं! राब भाजतात ते. भाताचं, नाचणीचं रोप ज्या तुकड्यात करायचं तिथे शेण, पालापाचोळा, झाडांचे वाळलेले टहाळ पसरायचे, वर माती भुरभुरायची आणि वारा पडलेला बघून पेटवून द्यायचं. तण मरतं, जमीन भाजून निघते. दुपारी तीनच्या सुमाराला तो वास माझ्या खिडकीतून आत येतो आणि मी हातातलं काम ठेवून पायरीकडे बघतो.

माझी खिडकी म्हणजे शाळेच्या जुन्या खोलीतल्या वाचनालयाची खिडकी. दोन कपाटं, एक लांब बाक, एक डुगडुगतं टेबल. निवृत्त मास्तराला घरच्यांनी दिवसभर सहन करावं अशी अपेक्षा बरी नव्हे, म्हणून हे मांडलं. परीक्षेच्या दिवसांत बाकावर जागा उरत नाही. कुणाच्या घरी सहा भावंडं, कुणाचा बाप दुपारी पिऊन येणारा, कुणाला अभ्यासाला बसलं की हटकून पाणी भरायची हाक येते. ती सगळी इथे येऊन बसतात आणि थुंकी लावून पानं उलटतात. थुंकीवरून मी रोज ओरडतो, ती रोज लावतात. बाकी मी त्यांना काही बोलत नाही.

नियम एकच आहे. बाहेरून कुणाची हाक आली की उठायचं.

“गुरुजी, एवढं पान संपू दे की,” एखादा कळवळून म्हणतो.

“पान कुठे पळून जात नाही. ऊठ.”

मग तो पाय आपटत जातो. मास्तर म्हातारपणी विक्षिप्त झाला असं त्यांचं मत आहे, आणि मी ते खोडून काढत नाही. वाचनालय चालवणाऱ्याने वाचणाऱ्याला उठवावं हे उलटंच. मी ज्या वाचनालयात वाढलो तिथला नियम याच्या बरोबर उलट होता.

ते महाडला होतं. गांधारी नदीच्या बाजूला उतरणाऱ्या एका बोळात, तळमजल्यावर. भिंतीवर माझ्या छातीइतक्या उंचीवर एक पिवळी रेघ होती. कुठल्याशा पावसाळ्यात पुराचं पाणी तिथवर चढलेलं. खालच्या फळीवरची पुस्तकं त्या पुरात भिजून फुगली होती आणि नंतर उन्हात वाळवली तरी त्यांची पोटं काही आत गेली नाहीत. कुणाची पहिली पानं नाहीत, कुणाची शेवटची, कुणाची मधली दहा पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. वरच्या फळीवरची चांगली पुस्तकं वर्गणीदारांची. फुगलेली आमची.

आमची म्हणजे डोंगरातून शिकायला आलेल्या पोरांची. मी कुडपणचा. गावात चौथीच्या पुढे शिकलेला पहिलाच, त्यामुळे माझ्याबद्दल गावाला जेवढा अभिमान तेवढाच संशय. महाडात मी बाच्या चुलत बहिणीकडे राहायचो. आत्या मायेची, पण तिच्या यजमानांचं मिठाचं आणि सुक्या मासळीचं दुकान होतं आणि बंदरावर गलबत लागलं की मी माणूस नसून पोती उचलायचं एक साधन होतो. माझी वही, माझे कपडे, माझे केस, सगळ्याला सुकटीचा वास. शाळेत पोरं नाक धरायची. कुणी ‘ए डोंगऱ्या’ म्हणायचं, कुणी मुद्दाम मला ‘नाही’ म्हणायला लावायचं. माझ्या तोंडून ‘नाय’ निघालं की वर्गभर खसखस.

वाचनालयात कुणी हसत नव्हतं, कारण तिथे बोलायचंच नव्हतं. एवढ्या मोठ्या गावात माझ्यासारख्याला गप्प बसायची मुभा असलेली ती एकच जागा होती. पाठ भिंतीला टेकायची, गुडघा वर घ्यायचा, गुडघ्यावर पुस्तक उभं धरायचं. मग मी कुणाचा, कुठला, काय खाऊन आलो, कुणी विचारत नसे. पहिल्या दिवशी मी तिथे असा बसलो आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की आपले खांदे खाली आले आहेत. तोवर ते वर होते हेही मला ठाऊक नव्हतं.

खरं सांगायचं तर ती जागाही सगळ्यांची नव्हती. पाटीवर ‘सर्वांस खुले’ लिहिलं होतं. ‘सर्व’ म्हणजे कोण कोण, ते लिहिलं नव्हतं. तळ्याच्या पाण्यावरून गावात जे झालं त्याला फार वर्षं लोटली नव्हती. गावाबाहेरच्या वस्तीतली दोन-तीन मुलं संध्याकाळी येऊन खिडकीच्या गजांपाशी उभी राहायची आणि तिथूनच वर्तमानपत्र वाचायची. वाचनालय बघणारे भिकाजीपंत वर्तमानपत्राची घडवंची खिडकीकडे तोंड करून ठेवायचे. त्यांचं धैर्य तेवढंच होतं. माझं तेवढंही नव्हतं. ती मुलं उभी आहेत आणि मी बसलो आहे, हे मला दिसायचं आणि मी पान उलटायचो. बाहेर कोण उभं आहे हे बघून न बघितल्यासारखं करायला मी तिथेच शिकलो, आणि ते पुढे मला उपयोगी पडलं.

भिकाजीपंत पूर्वी बंदरावर कारकून होते. अंगाने काडी, नाकाला सदा तपकीर, आणि शिंक आली तर बोळात जाऊन शिंकून यायचे, इतकं त्यांचं शांततेचं वेड. नियम त्यांचाच. पान अर्धं असताना वाचणाऱ्याला कुणी उठवायचं नाही. सावकार येवो, मामलेदाराचा शिपाई येवो, दारात थांबायचं. “जेवत्या माणसाला ताटावरून उठवतात का?” ते विचारायचे. “मग हा काय वेगळं करतोय?”

या नियमाचा फायदा न घेतील तर ती पोरं कसली! आत्याचे यजमान दारातून खेकसले की मी पंतांकडे बघायचो, पंत बोट वर करायचे, आणि माझं पान मारुतीच्या शेपटासारखं लांबत जायचं. यजमान कंटाळून निघून जायचे. इतर पोरांचंही तेच. त्या खोलीत जगातली सगळ्यात सावकाश वाचणारी मुलं बसत असावीत.

ते वर्ष माझ्या फायनलचं होतं. सातवी फायनल झाली की मास्तरकी मिळायची, म्हणजे पुन्हा पोतं उचलायला नको. खरं तर ती परीक्षा मी आदल्याच वर्षी द्यायची. पण आदल्या फाल्गुनात बा आला, “राबाला मानूस नाय, चार दिस चल,” म्हणाला, आणि मी गेलो. चार दिवसांचे पंधरा झाले. टहाळ तोडून, वाहून हाताची सालं निघाली आणि परतलो तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. बा काही वाईट वागला नाही. त्याच्या लेखी परीक्षा म्हणजे जत्रेसारखी, या साली चुकली तर पुढच्या साली. पण मी ते वर्षभर उगाळत होतो. या वर्षी जायचं नाही असं मी मनाशी घट्ट धरलं होतं.

परीक्षेला चार दिवस होते. दुपारची वेळ. मी वाचनालयात भिंतीला टेकून बसलो होतो आणि, आता लपवून काय करू, अभ्यास करत नव्हतो. इतिहासाच्या पुस्तकाआड एक फुगलेली कादंबरी धरली होती. पहिली पानं नाहीत म्हणून नाव नाही, शेवटची नाहीत म्हणून शेवट नाही. एक खलाशी समुद्रकाठच्या गुहेत अडकला आहे, भरतीचं पाणी गुडघ्यापर्यंत आलं आहे, आणि तो वर कुठे फट दिसते का ते चाचपडतो आहे. एवढ्यात दारात आवाज आला.

“आमचा सखा हाय का आत?”

बाचा आवाज. राब, दुसरं काय?

“आहे,” पंत हळूच म्हणाले. “वाचतोय. पान संपलं की येईल. मधे उठवायचं नाही, असा इथला नियम आहे.”

बाचा सूर एकदम खाली आला.

“पोथी चाललीय व्हय? मग नको. अध्याय अर्धा नाय ठेवू. मी बसतो हितं.”

आमच्या डोंगरात छापलेली अक्षरं यायची ती पोथीच्याच रूपाने. श्रावणात खालून एक वाचणारे यायचे. अंघोळ करून पाटावर बसायचे, पोथी चौरंगावर, आणि अध्याय चालू असेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. एकदा म्हैस दावं तोडून शेतात शिरली तरी माणसं हात जोडून बसून राहिली होती. पोथीच्या जागी वाईट शब्द काढायचा नाही, आजाराचं, मरणाचं बोलायचं नाही. बाला शिक्षणातलं एवढंच कळत होतं, आणि जे कळत होतं ते तो पाळत होता.

त्याने वहाणा काढल्या आणि पायरीवर बसला. खिडकी पायरीला लागूनच होती. गजांतून मला त्याचं मुंडासं दिसत होतं, मानेवरचा घाम दिसत होता. कुडपणहून महाड म्हणजे काही शेजारची वाडी नव्हे. आदल्या दिवशी उतरून, पोलादपुरात कुणाच्या पडवीत पाठ टेकून तो आला असणार. मला त्याची दया आली नाही. मला फक्त एवढंच कळत होतं की मी उठलो की परीक्षा गेली.

मी पान उलटलं नाही.

ती दुपार किती लांब होती ते मी सांगू शकत नाही. बोळातून एक बैलगाडी गेली. पंत शिंकायला बाहेर गेले आणि आले. उन्हाची तिरीप पुराच्या रेघेवरून सरकत माझ्या पायाशी आली. मी त्याच ओळीवर होतो. पाणी गुडघ्यापर्यंत, खलाशाचा हात दगडावर. एकदाच बाने मान वळवून गजांतून आत बघितलं. मी मान खाली घातली.

“सखाराम, झालं का पान?” पंतांनी जवळ येऊन विचारलं.

“नाही, पंत.”

घटकाभराने ते पुन्हा आले. या वेळी त्यांनी विचारलं नाही. वाकून पुस्तक बघितलं, इतिहासही बघितला आणि त्याच्या पोटातली कादंबरीही. माझ्याकडे बघितलं. नियम त्यांचाच होता, मोडणार कसा? ते आपल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि त्यांनी उगाचच तपकिरीची डबी उघडून मिटली.

बा उठला तेव्हा त्याची सावली समोरच्या भिंतीवर चढली होती. त्याने दाराकडे हात जोडले.

“मी निगतो. अंधाराच्या आत पोलादपूर गाठाया हवं. त्याला म्हनावं, तुज्या आयनं आठवन काढलीय. एवडंच सांगा.”

पायरीवर त्याने एक फडकं ठेवलं. नाचणीच्या दोन भाकऱ्या आणि लसणीची चटणी. पंतांनी निरोप सांगितला, शब्द न शब्द तसाच. मी भाकरी खाल्ली आणि मनात म्हटलं, आठवण काढलीय म्हणे! राबाचं सरळ बोलता आलं नाही म्हणून आईला पुढे केलं. आमच्याकडची माणसं आठवण काढलीय हे सांगायला दोन दिवस चालत नाहीत, हे मला कळायला हवं होतं. परक्याला नसतं कळलं. मी तिथलाच होतो.

परीक्षा चांगली गेली. पाच दिवसांची परीक्षा उरकून मी निघालो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुडपणचा शेवटचा चढ चढून माथ्यावर आलो. समोर सगळं गाव आणि गावाखालचे उतार. जिथे तिथे राब भाजून झालेले, काळ्या गोधड्या वाळत घातल्यासारखे तुकडे. कुठे अजून धूर निघत होता. मी सवयीने आमचा तुकडा शोधला. तो तांबूस होता. टहाळ पसरलेले, माती टाकलेली, सगळी तयारी झालेली, आणि पेटवलेला नव्हता.

घरात सुतक असलं की सुतक फिटेपर्यंत राब पेटवत नाहीत, अशी आमची रीत आहे. मी तिथेच खाली बसलो. घरात माणसं किती? बा, आई, धाकटा भाऊ. कोण, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. आठवण कुणी काढली होती ते मला माहीत होतं.

शेजारची काकू पाण्याला चालली होती. हंडा खाली ठेवून ती म्हणाली, “आलास काय रे? उद्या दहावा हाय. तुजा बा म्हनला, परीक्षा व्हऊ दे, मग बोलवू.” आणि तिने हंडा पुन्हा कमरेवर घेतला.

आईला ताप होता. सहा दिवस उतरला नव्हता. बा महाडहून परतला त्याच्या दुसऱ्या सकाळी ती गेली. बा ओट्यावर बसला होता. मी त्याच्या पायाशी बसलो तेव्हा त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं असं मला आज वाटतं.

“तिनं इचारलं, आला काय?” तो म्हणाला. “मी म्हनलं, पोरगा पोथीला बसलाय, अध्याय चालला व्हता, उठवला नाय. तर हसली बग. म्हनली, बरं केलंत. त्याचं पुन्य मला लागंल.”



थोड्या वेळाने तो म्हणाला, “काय व्हतं रं त्या अध्यायात?”

आणि मी सांगितलं. भर दुपारी, ओट्यावर, सुतकात बसून मी त्याला एक अध्याय रचून सांगितला. एक भक्त होता, तो समुद्रकाठच्या गुहेत अडकला. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, गळ्यापर्यंत आलं. त्याने देवाचा धावा केला. तेव्हा वरच्या दगडाला फट पडली आणि फटीतून हात आला. बाने डोळे मिटून, हात जोडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी दहावा झाला, मग सुतक फिटलं, आणि आम्ही दोघांनी मिळून राब पेटवला. धूर डोळ्यात जात होता, त्यामुळे रडायला अडचण नव्हती.

मी मास्तर झालो. फाल्गुनात आईची तिथी यायची, आणि दर तिथीला बा पाट मांडायचा, चौरंग मांडायचा, मला म्हणायचा, “बस. तेवडा अध्याय सांग तुज्या आयला.” चौरंग रिकामा. मी तोंडपाठ सांगायचो. पहिल्या वर्षी माझा आवाज कापत होता. मग सवय झाली, आणि सवय झाली याचीच लाज वाटायला लागली. वर्षागणिक अध्याय वाढत गेला. भक्ताला नाव मिळालं, गाव मिळालं, शेवटी हा अध्याय ऐकल्याचं फळही मी जोडून दिलं. वाडीतली माणसं ऐकायला यायची. बाया गूळखोबरं वाटायच्या. खोट्याला एवढा प्रसाद मिळालेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

महाडला गेलो की वाचनालयात डोकवायचो. भिकाजीपंत थकले होते. एकदा मी त्यांना सगळं सांगितलं. “मला कळलं होतं रे,” ते म्हणाले. “मी तुला उठवायला हवं होतं. पण त्या खोलीत तुम्हाला हात लावणार नाही असा मी शब्द दिला होता ना सगळ्यांना.” पुढच्या खेपेला गेलो तेव्हा खुर्चीवर दुसरं कुणी होतं.

त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. ती खोली नसती तर मी मिठाच्या पोत्याखाली संपलो असतो. तिने मला जगापासून वाचवलं. पण जगात आईही होती, आणि दार लावलं की ते निवडून लागत नाही.

बा गेला त्याला आता वीसेक वर्षं झाली. तोही फाल्गुनच. तो ओट्यावर पडून होता, समोर डोंगरभर राब पेटलेले. तिथीला दोन दिवस होते. तो म्हणाला, “आज सांगून टाक अध्याय. परवाचं कुनी बगितलंय?”

मी पाट घेतला, बसलो, आणि मला सुरुवातच करता येईना.

“बा,” मी म्हटलं, “ती पोथी नव्हती.”

तो आढ्याकडे बघत होता. “म्हाईत हाय,” तो म्हणाला.

मी पाट त्याच्या जवळ सरकवला.

“गुडघ्याला टेकवून कोन पोथी वाचतो रं? पाय वर, पाठ भितीला. मी बगितलं की गजांतनं.”

“मग आईला तसं का सांगितलंस?”

“तिला काय सांगणार व्हतो? हाय पन येत नाय, असं?” त्याला दम लागला. “तिला सांगितलं पोथी हाय. मग ती दरसाल खरी कराया नको?”

माझ्या डोळ्यांपुढे रिकामा चौरंग आला. वीस वर्षं हात जोडून ऐकत बसलेला बा आला. मी समजत होतो की मी त्याला सांभाळतो आहे.

“माहीत होतं तर बसून का राहिलास?” मी विचारलं. “दुपारभर, उन्हात? आत येऊन कानफटात मारून न्यायचं होतंस मला.”

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी गजांतून बघितलं होतं तसंच.

“वाटलं, उठशील,” तो म्हणाला.

आज धूर जरा जास्तच आहे. मुलं खोकताहेत, खिडकी लावा म्हणताहेत. मी लावत नाही. बाकाच्या टोकाला एक मुलगा भिंतीला टेकून, गुडघ्यावर पुस्तक धरून बसला आहे. त्याला कुणी हाक मारलेली नाही, वाचू दे. ऊन सरकत माझ्या पायाशी आलं की मी चष्मा काढून ठेवतो, काठी घेतो आणि दारापर्यंत जाऊन येतो. पायरीवर मुलांच्या चपला असतात. बसलेलं कुणी नसतं. तरी मी उठतो.